हायब्रिड हार्मनी आणि दोन म्यूज हेडबँड: सूर भरला म्हणजे मेंदू जुळले का?

दोन माणसं समोरासमोर बसतात, दोघांच्या कपाळावर एकेक म्यूज हेडबँड, म्हणजे मेंदूची विद्युत टिपणारी कपाळपट्टी, असतो आणि बाजूच्या लॅपटॉपवर हायब्रिड हार्मनी हे सॉफ्टवेअर चालू असतं. दोघांच्या ईईजी लहरी, म्हणजे डोक्यावरून मोजलेल्या मेंदूच्या विद्युत लहरी, जितक्या जुळतील तितका खोलीतला सूर भरदार होतो, जुळणी सैल झाली की तो विरत जातो. कानावर पडणाऱ्या या खुणेच्या आधारे दोघांनी मिळून सूर टिकवायचा आणि तसं करता करता मेंदूंमधला ताळमेळ वाढवायचा, अशी ही सगळी योजना. हे परीक्षण या जोडणीचं आहे: सॉफ्टवेअर, हेडबँड आणि त्यावर बसवलेला आवाज.

आमचं मत आधीच सांगतो. सॉफ्टवेअर चांगलं आहे आणि मोकळेपणानं वापरता येतं. हेडबँड शिकण्यासाठी पुरेसा आहे, पण त्याला मेंदूचा फार थोडा भाग दिसतो. मात्र खरी फसगत होते ती या दोन्हींमुळे नव्हे, आवाजामुळे. एकच आवाज दोघांच्या कानांवर एकाच क्षणी पडला की दोघांचे मेंदू त्याला जवळपास सारखाच प्रतिसाद देतात. ही सारखेपणाची भर मोजमापात जाते, मोजमाप वाढलं म्हणून आवाज वाढतो, आणि आवाज वाढला म्हणून सारखेपणा आणखी वाढतो. माणसांमध्ये काही घडो न घडो, यंत्र स्वतःभोवतीच फिरत राहतं. ही जोडणी वापरायची तर या फेऱ्यातून बाहेर पडण्याची तजवीज पहिल्या दिवसापासून करावी लागते.

हा धोका नवा नाही. ब्रिटिश संशोधक एड्रियन बर्जेस यांनी 2013 मध्ये हायपरस्कॅनिंगबद्दल, म्हणजे दोन किंवा अधिक मेंदूंचं एकाच वेळी मोजमाप करण्याबद्दल, नेमका हाच इशारा दिला होता: दोघांसमोर एकच दृश्य किंवा एकच आवाज असेल तर त्यांच्यात कसलाही संवाद नसतानाही लहरी जुळलेल्या दिसू शकतात. वेगवेगळ्या मापांची तुलना करून, अशा खोट्या जुळणीला वर्तुळाकार सहसंबंध (दोन लहरींच्या चक्रांतल्या जागा कितपत एकत्र हलतात हे सांगणारं माप) तुलनेनं कमी फसतो, असंही त्यांनी दाखवलं. हायब्रिड हार्मनीमध्ये हे माप आहे, हा त्याचा मोठा गुण.

हायब्रिड हार्मनी हे पायथनमध्ये लिहिलेलं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. संशोधक फीबी चेन, सुझान डिकर आणि सहकाऱ्यांनी ते 2021 मध्ये शोधनिबंधासह मांडलं. डिकर यांनी कलाकार मॅथियास ऊस्ट्रिक यांच्याबरोबर म्युच्युअल वेव्ह मशीन नावाची मांडणी केली होती. त्यात दोन माणसं घुमटासारख्या बंदिस्त जागेत समोरासमोर बसत आणि त्यांच्या लहरींच्या जुळणीनुसार भोवतीचा प्रकाश बदलत असे. हे सॉफ्टवेअर त्याच परंपरेतलं आहे, आणि ते कलाकार व संशोधक दोघांच्या सोयीचं का आहे ते यावरून कळतं. लॅब स्ट्रीमिंग लेअरवर (वेगवेगळ्या उपकरणांच्या नोंदी संगणकावर वेळेसह एकत्र आणणाऱ्या सोयीवर) येणारे ईईजी प्रवाह ते उचलतं, निवडलेल्या वारंवारतांच्या पट्ट्यांत आणि निवडलेल्या चॅनेलांमध्ये, म्हणजे एकेका इलेक्ट्रोडच्या नोंदींमध्ये, जोडीजोडीनं जुळणी काढतं आणि आलेले आकडे ध्वनी किंवा दृश्य तयार करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे पाठवतं. कोड लिहिता न येणाऱ्यालाही पडद्यावरूनच पट्टे आणि मापं बदलता येतात.

मापांची निवड मात्र डोळे मिटून करू नये. यादीत कोहेरन्स, इमॅजिनरी कोहेरन्स, फेज लॉकिंग व्हॅल्यू, वर्तुळाकार सहसंबंध, एन्व्हलपचा सहसंबंध अशी बरीच नावं दिसतात. इमॅजिनरी कोहेरन्स शून्य विलंबाची जुळणी मुद्दाम बाजूला टाकतं. एकाच डोक्यात ते योग्य असतं, कारण एकाच उगमाची विद्युत कवटीतून पसरून दोन इलेक्ट्रोडवर एकाच क्षणी पोचते आणि खोटी जुळणी दाखवते. दोन वेगळ्या डोक्यांमध्ये अशी विद्युत पसरत नाही. तिथे हे माप वापरलं तर जे शोधायचं तेच आपण फेकून देतो. फेज म्हणजे लहर आपल्या चक्रात कुठे पोचली आहे ती जागा. फेज लॉकिंग व्हॅल्यू समजायला सोपी आहे, पण लहान खिडकीत, म्हणजे एका वेळी थोडेच सेकंद हिशेबात घेतले तर, ती फार फुगते. दोन संपूर्ण असंबद्ध लहरींतही तिची अपेक्षित किंमत साधारण 0.89 भागिले स्वतंत्र नमुन्यांच्या संख्येचं वर्गमूळ एवढी निघते. 4 हर्ट्झ रुंदीचा पट्टा आणि 1 सेकंदाची खिडकी घेतली तर स्वतंत्र नमुने जेमतेम 4, म्हणजे काहीही नसताना आकडा 0.44 च्या आसपास. खिडकी 4 सेकंदांची केली तर 0.22, आणि 10 सेकंदांची केली तर 0.14. पडद्यावर 0.4 पाहून खूश होण्याआधी खिडकी किती लांब आहे ते बघावं. आम्ही सुरुवातीला अल्फा पट्टा म्हणजे 8 ते 12 हर्ट्झ, खिडकी 4 ते 6 सेकंद आणि माप वर्तुळाकार सहसंबंध ठेवण्याची शिफारस करतो.

अल्फाबद्दल आणखी एक गोष्ट, जी बहुतेक वेळा सुटते. प्रत्येकाच्या अल्फाचं शिखर वेगळ्या जागी असतं. एकाचं 9.2 हर्ट्झवर आणि दुसऱ्याचं 10.8 वर असेल तर दोन लहरी दर सेकंदाला 1.6 चक्रांनी एकमेकींपासून सरकत राहतात. अशा जोडीचा फेजवर आधारलेला आकडा कमीच येणार, मग ती माणसं एकमेकांच्या कितीही जवळची असोत. म्हणून आधी दोघांची डोळे मिटलेली 2 मिनिटांची नोंद घ्यावी, शिखरं पाहावीत आणि अंतर 1 हर्ट्झपेक्षा जास्त असेल तर फेजचा नाद सोडून एन्व्हलपच्या सहसंबंधाकडे वळावं. एन्व्हलप म्हणजे लहरीची चढउतार करणारी उंची. ती सावकाश बदलते, त्यामुळे खिडकी 20 ते 30 सेकंदांची लागते आणि फीडबॅक सुस्त होतो. वेळेच्या बारीकसारीक चुका ते माप पोटात घालतं, हा त्याचा फायदा. तोटा असा की स्नायूंची विद्युतही उंची वाढवते, आणि दोघं एकदम हसले तर आकडा उसळतो.

आता हेडबँड. म्यूजच्या 2 आणि एस या प्रकारांत ईईजीचे चार कोरडे इलेक्ट्रोड असतात: कपाळावर एएफ7 आणि एएफ8, कानांमागे टीपी9 आणि टीपी10, आणि बाकीचे ज्याच्या तुलनेत मोजले जातात तो संदर्भ कपाळाच्या मध्यावर. सेकंदाला 256 नमुने मिळतात. कपाळावरचे दोन इलेक्ट्रोड डोळ्यांच्या इतके जवळ आहेत की पापणी मिटण्याचा झटका मेंदूच्या लहरीच्या कित्येक पट मोठा येतो. कानांमागचे दोन जबड्याच्या आणि मानेच्या स्नायूंजवळ आहेत, शिवाय केस मध्ये आले की तिथला संपर्क तुटतो. गप्पांच्या ओघात दोघांच्या पापण्यांची लयही जुळू शकते, म्हणजे कपाळावरची जुळणी मेंदूंची नसून पापण्यांचीही असू शकते. या हेडबँडवरून बीटा आणि गॅमा या अल्फापेक्षा वेगवान पट्ट्यांतला ताळमेळ मोजला असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. तिथे बहुतेक स्नायूच बोलतात. अल्फासाठी टीपी9 आणि टीपी10 हे दोनच चॅनेल वापरावेत, कपाळावरचे दोन फक्त पापण्या ओळखण्यासाठी.

डोक्याच्या माथ्यावर या हेडबँडचं काहीच नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव. संशोधक गियोम द्युमा आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हातांच्या हालचालींची परस्पर नक्कल करणाऱ्या जोड्यांमध्ये जी जुळणी दाखवली, ती अल्फा-म्यू पट्ट्यात उजव्या मध्य-पार्श्व भागांमध्ये होती. त्या जागी म्यूजचा इलेक्ट्रोड पोचत नाही. हालचालींचा ताळमेळ अभ्यासायचा असेल तर ओपनबीसीआयचा सायटॉन हा ईईजी नोंदवणारा बोर्ड घ्यावा: 8 चॅनेल, 24 बिट, सेकंदाला 250 नमुने, आणि सी3, सी4, पी3, पी4 या माथ्याजवळच्या जागांवर पेस्ट लावून इलेक्ट्रोड. डेझी नावाचा जोडबोर्ड लावून 16 चॅनेल केले तर बिनतारी मार्गानं नमुन्यांचा वेग 125 वर येतो, अल्फासाठी तोही चालतो. मेहनत मात्र बरीच वाढते. एका डोक्याला पेस्ट लावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि इथे डोकी दोन आहेत. दुसऱ्याचं होईपर्यंत पहिल्याचं वाळायला लागतं, म्हणून शक्य असेल तर दोन माणसांनी दोन डोकी एकदमच घ्यावीत. बोर्ड फक्त बॅटरीवर चालवावा. डोक्यावर असताना चार्जर कधीही लावू नये.

म्यूज लावताना घाई केली तर पुढचा सगळा वेळ वाया जातो. कपाळ आणि कानांमागची त्वचा पुसून घ्यावी, इलेक्ट्रोडवर पाण्याचं बोट फिरवावं, कानांमागचे केस बाजूला करावेत आणि हेडबँड बसवून 3 मिनिटं नुसतं थांबावं. कोरडा संपर्क स्थिरावायला तेवढा वेळ घेतो. मग दोन चाचण्या. पाच वेळा पापण्या मिटायला सांगावं: कपाळाच्या दोन्ही चॅनेलांवर पाच ठळक झटके दिसले पाहिजेत. नंतर 20 सेकंद डोळे मिटायला सांगावं: कानांमागे 10 हर्ट्झच्या आसपास उंचवटा उठला पाहिजे. बहुतेकांत तो उठतो. ज्यांच्यात मुळीच उठत नाही, त्यांना अल्फाच्या फीडबॅकमध्ये बसवण्यात अर्थ नाही, कारण नसलेल्या लहरीची फेज म्हणजे निव्वळ गोंधळ.

सत्रात दोघांचे डोळे एकतर उघडे असावेत किंवा दोघांचे मिटलेले, आणि तो नियम मध्येच बदलू नये. दोघांनी एकदम डोळे मिटले की दोघांचा अल्फा एकदम चढतो आणि एन्व्हलपचा आकडा आकाशाला भिडतो. तो ताळमेळ खोटा असतो.

दोन हेडबँड म्हणजे दोन वेगळी घड्याळं. म्यूज ब्लूटूथवरून 12 नमुन्यांचं एकेक पुडकं पाठवतो, म्हणजे दर 47 मिलिसेकंदांनी एक. 10 हर्ट्झच्या लहरीचं एक चक्र 100 मिलिसेकंदांचं, त्यामुळे एक पुडकं उशिरा पोचलं आणि त्यावर पोचल्याची वेळ तशीच छापली गेली तर फेज जवळपास अर्ध्या चक्रानं चुकते. यात एक दिलासा आहे. उशीर कायम एकसारखा असेल तर फेज लॉकिंग आणि वर्तुळाकार सहसंबंध दोन्ही तो सहन करतात, कारण दोघांमधलं अंतर स्थिर राहतं. बिघडवतो तो मागेपुढे होणारा उशीर. म्हणून लॅब स्ट्रीमिंग लेअरकडून प्रवाह घेणाऱ्या प्रोग्रामात घड्याळं जुळवण्याची आणि वेळेतला थरथराट काढण्याची सोय चालू आहे ना, हे आधी तपासावं. एकाच ब्लूटूथवर दोन हेडबँड चढवण्याऐवजी प्रत्येकाला स्वतंत्र डोंगल द्यावं आणि ती दोन डोंगलं एकमेकांना चिकटून न लावता छोट्या यूएसबी वायरीनं दूर ठेवावीत. वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर असेल तर 5 वर न्यावं. दोन्ही प्रवाह एकाच नावानं दिसले तर हेडबँडच्या पत्त्यावरून ओळखून आधीच लिहून ठेवावं. ‘अ’चं डोकं आणि ‘ब’चं डोकं अदलाबदल झालं तर जोडीचा आकडा बदलत नाही, त्यामुळे चूक कळतही नाही आणि पुढचं विश्लेषण उलटं होतं.

जुळणीची साधी परीक्षा: दोन्ही हेडबँड एकावर एक धरून टेबलावर एकाच वेळी आपटावेत आणि दोन्हींच्या हालचालमापकांच्या नोंदीत झटका किती अंतरानं दिसतो ते पाहावं. सत्राच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. दोन्ही वेळचं अंतर सारखं आलं तर घड्याळं नीट चालली.

आता आवाज, जो सगळ्यात महत्त्वाचा. मोजमापाच्या पट्ट्यातली कोणतीही लय आवाजात असता कामा नये. अल्फा मोजत असताना सूर सेकंदाला 8-10 वेळा थरथरत असेल तर मेंदू त्या थरथरीच्या मागे जातो, आणि दोन्ही मेंदू एकदमच जातात. लुकलुकणाऱ्या दिव्याचं तर त्याहून वाईट. सूर संथ, सलग असावा, त्याला ठोके नसावेत. जुळणी वाढली तर फक्त त्याचा भरीवपणा किंवा आवाजाची पातळी वाढावी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला निदान 1 ते 2 सेकंद लागावेत. पडद्यापेक्षा आवाज बरा, कारण पडदा आला की दोघं पडद्याकडे पाहतात आणि नजरानजर तुटते. मनगटावरचा कंप हा तिसरा पर्याय. तो दोघांना वेगवेगळा देता येतो हे चांगलं, पण त्याची मोटार हात हलवते, तो धक्का मानेपर्यंत जातो आणि कानांमागच्या चॅनेलवर उमटतो.

आकड्याचा आवाज करताना तो 0 ते 1 मध्ये ताणून बसवावा लागतो. इथे मोठी गफलत होते. मागच्या 30 सेकंदांतला किमान आणि कमाल आकडा घेऊन सतत ताणत राहिलं तर जुळणी असो वा नसो, सूर कायम वर-खाली होत राहतो आणि बसलेल्यांना वाटतं की आपणच तो हलवतोय. त्याऐवजी सुरुवातीला दोघं एकमेकांकडे पाठ करून शांत बसलेले असताना 3 मिनिटांची नोंद घ्यावी, तिच्यातला मध्यक 0 धरावा, 95 वा शतमक (ज्याच्या खाली 95 टक्के आकडे येतात तो) 1 धरावा आणि सत्र संपेपर्यंत या खुंट्या हलवू नयेत. मग सूर बराच वेळ गप्प राहतो. तो गप्पपणा खरा असतो, आणि बसलेल्यांना तसं आधी सांगून ठेवावं. एखाद्या चॅनेलवर 150 मायक्रोव्होल्टपेक्षा मोठा झटका आला की ती खिडकी टाकून द्यावी आणि सूर होता तिथेच धरून ठेवावा. शून्यावर आणला तर पापणी मिटल्याची शिक्षा मिळते आणि दोघं डोळे ताणून बसतात.

खिडकीची लांबी आणि सुराचा संथपणा मिळून ऐकू येणारी गोष्ट निदान दोन-तीन सेकंद जुनी असते. म्हणून बसलेल्यांना क्षणाक्षणाला काही ‘करून’ पाहायला सांगू नये. श्वास सोबत घेणं, नजर न काढणं, एकाच गोष्टीकडे लक्ष लावणं असं काहीतरी निदान अर्धा मिनिट धरून ठेवायला सांगावं आणि मग सूर ऐकायला सांगावं.

या सगळ्यानंतर फेऱ्याचा प्रश्न उरतोच: सूर भरला तो त्यांच्यामुळे की सुरामुळे? याचं उत्तर खोट्या फीडबॅकखेरीज मिळत नाही. बर्लिनच्या माक्स प्लांक मानवविकास संस्थेतल्या व्हिक्टर म्युलर आणि सहकाऱ्यांचा 2021 चा प्रयोग इथे मार्गदर्शक आहे. त्यांनी एका प्रकारात पडद्यावर एकमेकांकडे सरकणारे दोन चेंडू आणि दुसऱ्यात दोन लंबक दाखवले, 2.5 आणि 5 हर्ट्झवर फीडबॅक दिला आणि मध्ये खोटा फीडबॅकही मिसळला. सहभागी लोक जुळणी वाढवू शकले, विशेषतः 5 हर्ट्झच्या थीटामध्ये, म्हणजे अल्फापेक्षा संथ पट्ट्यात. म्हणजे कल्पना निराधार नाही. पण तिथे पूर्ण ईईजी टोपी होती आणि खोट्या फेऱ्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

घरी किंवा वर्गात हे असं करता येतं. एखाद्या दुसऱ्या जोडीच्या सत्रात तयार झालेला सूर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. 5 मिनिटांच्या फेऱ्या कराव्यात, एक खरी आणि एक खोटी अशा जोड्यांनी, आणि प्रत्येक जोडीतला क्रम नाणं उडवून तिसऱ्यानं ठरवावा. क्रम बसलेल्यांना कळू नये. दोन्ही फेऱ्यांत दोघांच्या कानांवर तसाच एक सूर पडत असल्यामुळे सुरामुळे येणारा सारखेपणा दोन्हीकडे जवळपास सारखाच राहतो. फरक फक्त इतकाच की खऱ्या फेरीत सूर त्यांच्या मेंदूंना बांधलेला असतो. फेऱ्यांच्या अशा 10 जोड्यांपैकी 9 किंवा अधिक वेळा खरी फेरी वरचढ ठरली तर ते निव्वळ योगायोगानं होण्याची शक्यता 1024 मध्ये 11, म्हणजे सुमारे 1 टक्का. 10 पैकी 7 वेळा वरचढ ठरली तर समाधान मानू नये. एवढं किंवा याहून चांगलं यश नुसत्या नाण्यालाही 17 टक्के वेळा मिळतं. 10 जोड्या म्हणजे 100 मिनिटं, तीही एका दिवसात नाही: एका बैठकीत दोनच जोड्या कराव्यात, कारण चौथ्या फेरीनंतर झोप यायला लागते, झोपेनं थीटा वाढतो आणि आकडे पुन्हा बहकतात.

शेवटी सूर पूर्ण बंद करून 2 मिनिटांची एक फेरी जरूर घ्यावी. फीडबॅकमुळे काही शिकलं गेलं असेल तर ते सूर नसतानाही थोडं तरी दिसायला हवं.

ज्यांना मेंदूंच्या ताळमेळाची पद्धत हातानं करून शिकायची आहे, वर्गात दाखवायची आहे किंवा मंचावर कलाकृती म्हणून वापरायची आहे, त्यांनी ही जोडणी जरूर घ्यावी. नात्यातला दुरावा मोजायला किंवा उपचार म्हणून ती कोणी देऊ करत असेल तर घेऊ नये. चार कोरड्या इलेक्ट्रोडांवर एवढा भार टाकता येत नाही. आणि कोणत्याही कामासाठी वापरली तरी लॅबरेकॉर्डर (लॅब स्ट्रीमिंग लेअरचे प्रवाह साठवणारा प्रोग्राम) पहिल्या मिनिटापासून चालू ठेवून दोघांची कच्ची ईईजी, हायब्रिड हार्मनीचा आकडा आणि खऱ्या-खोट्या फेऱ्यांच्या खुणा एकाच एक्सडीएफ फाइलीत साठवाव्यात. नुसता आकडा साठवला तर पापण्या, स्नायू आणि घड्याळं यांची छाननी नंतर करता येत नाही. कच्ची नोंद असेल तर आजच्या ‘अ’ची लहर दुसऱ्या दिवशीच्या ‘ब’च्या लहरीशी जोडून खोट्या जोड्याही बनवता येतात, आणि खऱ्या जोडीचा आकडा त्यांच्यापेक्षा वर आहे का हे त्याच संध्याकाळी तपासता येतं.